आत कोसळणारं अलीझे : एका कंट्रोल लाइन कॅरिअर मॉडेलचं प्रकरण

आमच्या नोंदवहीत ‘अलीझे’ या तारेवर उडवायच्या मॉडेल विमानाच्या तीन अपघातांपुढे एकच शेरा आहे : ‘पायलटची चूक’. अक्षर माझं आहे, आणि तिन्ही वेळा लिहिताना माझा हात अडखळला नव्हता. त्या शेऱ्यामुळेच हे प्रकरण मी सविस्तर मांडतोय. छत्रपती संभाजीनगरजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी कार्यशाळा सांभाळतो. शिकत होतो तेव्हा एनसीसीच्या एअर विंगमध्ये तारेवरची विमानं उडवली होती. एरंडेल जळल्याचा तो वास अजून नाकात आहे. पुढे तीस वर्षं हँडल हातात आलं नाही, आणि आलं ते या चार लेकरांमुळे.

वसतिगृहात मुलांना गावावरूनच हाक मारतात, इथेही तसंच लिहितो. लाकडाचं काम जालन्याच्याचं, वायरिंग उदगीरच्याचं, कॅमेरा पैठणच्याचा आणि हँडल परळीच्या मुलीचं. तिला हँडल द्यायचं कारण साधं होतं. सरावाच्या फोमच्या विमानावर तिचा हात चौघांत सगळ्यात शांत होता.

खेळ काय आहे

ज्याने खळ्यावरची मळणी पाहिली आहे त्याला कंट्रोल लाइन चटकन समजते. मधे तिवडा रोवलेला असतो, त्याला पात बांधलेली असते आणि बैल गोल फिरत राहतात. इथे तिवड्याच्या जागी माणूस असतो आणि बैलाच्या जागी विमान. पायलटच्या मुठीतल्या हँडलपासून दोन पोलादी तारा विमानाच्या डाव्या पंखातून आत जाऊन बेलक्रँक नावाच्या त्रिकोणी पट्टीला जोडलेल्या असतात. मूठ वर-खाली तिरपी केली की पट्टी फिरते, एलिव्हेटर म्हणजे शेपटीची आडवी झडप हलते आणि विमान चढतं किंवा उतरतं. डावीउजवीकडे जायचा प्रश्नच येत नाही, कारण तारा त्याला वर्तुळाबाहेर जाऊ देत नाहीत. अमेरिकेत ही पद्धत लोकांपर्यंत नेली जिम वॉकर यांनी, ‘यू-कंट्रोल’ या नावाने. त्यावर त्यांचं पेटंटही होतं. पण त्याआधीच ओबा सेंट क्लेअर यांनी बेलक्रँक वापरून विमान उडवलं होतं हे १९५५ च्या खटल्यात पुढे आलं आणि पेटंटचा दावा टिकला नाही.

या कुटुंबातला मला सगळ्यात आवडणारा प्रकार म्हणजे नेव्ही कॅरिअर. विमानवाहू जहाजाच्या डेकसारखा फळ्यांचा डेक वर्तुळावर मांडायचा. विमानाने त्यावरून उडायचं, आधी सात फेऱ्या जितक्या जोरात जमतील तितक्या मारायच्या, मग सात फेऱ्या जितक्या संथ जमतील तितक्या, आणि शेवटी शेपटीखालचा हूक सोडून डेकवर आडव्या ताणलेल्या दोरीत अडकून थांबायचं. तारांची लांबी ६० फूट. या त्रिज्येच्या सात फेऱ्या म्हणजे जवळजवळ नेमका अर्धा मैल, म्हणजे साधारण ८०४ मीटर. त्यामुळे स्टॉपवॉचवरून वेग काढणं सोपं जातं. यात तिसरी तार लागते ती थ्रॉटलसाठी, म्हणजे जोर कमी-जास्त करायला, कारण एकाच उड्डाणात पूर्ण जोर आणि अगदी कमी वेग दोन्ही हवे असतात.

जोराच्या फेऱ्या पाहायला आलेल्यांना आवडतात, पण माणसाचा कस संथ फेऱ्यांत लागतो. आमचं विमानही तिथेच पडायचं.

विमान

मुलांनी ब्रेगे अलीझे निवडलं. फ्रेंच बनावटीचं, पाणबुड्या शोधणारं, नाकावर एकच पंखा आणि मागे रोल्स-रॉइस डार्ट टर्बोप्रॉप. पहिलं उड्डाण १९५६ चं. आपल्या नौदलात ते ३१० व्या स्क्वाड्रनकडे, म्हणजे कोब्राजकडे होतं आणि ‘विक्रांत’च्या डेकवरून उडायचं. ४ मार्च १९६१ ला बेलफास्टला नौदलात दाखल झालेल्या त्या ‘विक्रांत’वरून १९७१ च्या युद्धात सी हॉक आणि अलीझे दोन्ही लढली. गोव्याच्या नौदल विमान संग्रहालयात अलीझे उभं आहे. पैठणच्याने तिथे जाऊन पंखाखालच्या फुगीर पेट्यांचे इतके फोटो काढले की मोबाइल भरला. चौघांपैकी त्याच्याशिवाय कुणी समुद्र पाहिलेला नव्हता.

मूळ विमानाचा पंख १५.६ मीटर आहे. १:१५ प्रमाणात १०४ सेंटिमीटर. धड सपाट फळीचं, कारण पहिल्याच विमानाला पोकळ धड करायला मी परवानगी दिली नाही. पंखाला बाल्साच्या हलक्या लाकडाच्या फासळ्या आणि वरून फिल्म. बॅटरीसकट वजन ११५० ग्रॅम. ग्लो इंजिन घ्यायचा मोह मला झाला होता. पण त्याला मिथेनॉल लागतं, ते विषारी आणि परवान्याच्या भानगडीचं, आणि विद्यार्थ्यांच्या हाती ते द्यायला मन धजेना. म्हणून चार सेलची बॅटरी, ब्रशलेस मोटर आणि ११ इंची पंखा. उदगीरच्याने तिसरी तार एका सर्व्हो टेस्टरच्या, म्हणजे मोटरला वेगाचा इशारा देणाऱ्या छोट्या पेटीच्या, फिरत्या बटणाला जोडली. तार ओढली की बटण फिरतं आणि मोटर वेग घेते. तारेच्या प्रवासाचा उलट टोकाचा शेवटचा सेंटिमीटर हूकची पिन सोडतो. ही जोडणी पहिल्या दिवसापासून चोख चालली, तिच्याबद्दल आणखी सांगण्यासारखं काही नाही.

तारा ओढून पाहिल्याशिवाय आम्ही एकदाही उडवलं नाही. ताशी १०८ किलोमीटर वेगाला हे विमान हातावर सुमारे पावणेसहा किलोचा ओढा देतं. त्याच्या चौपटीहून जास्त, २५ किलोपर्यंत, आडतीतल्या हूकच्या काट्याने ओढून बघायचो. हँडलचा पट्टा मनगटाला बांधलेला असायचा. आणि जागा निवडताना पहिली अट ही की आसपास कुठेही महावितरणची लाइन नको. पोलादी तार मुठीत धरून विजेच्या तारेजवळ उभं राहणं म्हणजे मरण ओढवून घेणं.

जागा आणि डेक

जागा मिळाली करमाडच्या बाजूला, एका मामांच्या मुरमाड पडीक माळावर. डेक ४० फूट लांब, ८ फूट रुंद, सेंट्रिंगच्या फळ्यांचा. ६० फुटी वर्तुळात ४० फुटांची सरळ पट्टी टाकली तर मधे आणि टोकांत मीटरभर फरक पडतो, म्हणून तीन तुकडे चंद्रकोरीसारखे वळवून मांडले. दोऱ्या नायलॉनच्या, दोन्ही टोकांना दुधाच्या पिशव्यांत भरलेली वाळू. माळाला पूर्वेकडे उतार होता, पश्चिमेला बांधालगत मात्र सपाट पट्टा होता. डेक तिथे मांडला. हा निर्णय माझा होता.

तीन अपघात

पहिला एप्रिलच्या शेवटी झाला. जोराच्या फेऱ्या सुरेख झाल्या. संथ फेऱ्यांपैकी चौथीत विमान एकदम आत, पायलटच्या दिशेने वळलं, तारा लोंबल्या आणि डावा पंख जमिनीला लागला. तारा सैल झाल्या की एलिव्हेटर हलतच नाही, त्यामुळे त्या क्षणानंतर हातात काहीच उरत नाही.

दुसरा दहा दिवसांनी, दुसऱ्याच संथ फेरीत. तसाच.

तिसरा मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात. सकाळी दहालाच झळा सुरू झाल्या होत्या. सहावी संथ फेरी चालू होती, मुलं मोठ्याने मोजत होती. विमान वायव्येकडून डेककडे येताना आत झुकलं. परळीची भराभर मागे सरकत गेली, म्हणजे तारा ताठ ठेवण्यासाठी जे करायला मीच शिकवलं होतं तेच तिने केलं. मागे दगड होता. ती पडली आणि विमान तिच्यापासून पाच-सहा मीटरवर आपटलं. धड पंखापाशी मोडलं, मोटरचा शाफ्ट वाकला. ती उठली, हात झटकले, मनगटाचा पट्टा सोडला आणि मला म्हणाली, “सर, मी लाँच करत जाते. उडवायला दुसऱ्याला द्या.”

मी ‘बरं’ म्हणालो. त्या ‘बरं’चं मला आजही वाईट वाटतं.

माझा तर्क असा होता : विमान मंदावतं, तारा सैल होऊ लागतात, ती घाबरून एकदम थ्रॉटल ओढते, विमान बिथरतं. तिन्ही वेळा पडण्याआधी मोटरचा आवाज चढलेला सगळ्यांनी ऐकला होता. त्यामुळे दोष हाताचा.

क्रम उलटा निघाला

पैठणच्याने तिसऱ्या अपघाताचं चित्रण सेकंदाला २४० फ्रेमने केलं होतं. तो रात्री दोन वाजेपर्यंत तेच बघत बसला आणि सकाळी कार्यशाळेत येऊन म्हणाला, “सर, तार आधी सैल होत नाही.” आम्ही सगळे त्या छोट्या पडद्याभोवती उभे राहिलो. आधी आवाज चढतो. तेव्हा तारा ताठ आहेत. मग डावा, म्हणजे आतला पंख हळूच खाली जातो. त्यानंतर अर्धा सेकंद उलटतो आणि मग तारेला पोक येतो.

म्हणजे ती घाबरली नव्हती. संथ फेरीत विमान नाक वर करून, जवळजवळ पंख्याला लटकून चालतं आणि उंची टिकवायला थोडा जोर द्यावाच लागतो. तिने तेवढा दिला होता. बरोबर वेळी, बरोबर मापाने. त्या जोराने विमान आत लोळलं.

हे का व्हावं ते मग मी फळ्यावर मांडलं. विमान मागून पाहिलं तर आमचा पंखा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरत होता. मोटर पंख्याला उजवीकडे पिळते तेव्हा विमानाला डावीकडे पिळते. कंट्रोल लाइन विमान वरून पाहता काट्यांच्या उलट फिरतं, म्हणजे डावा पंख आत, पायलटच्या बाजूला. जोर दिला की आतला पंख दबणारच. शिवाय नाक वर असताना खाली येणारं उजवं पातं जास्त हवा कापतं आणि नाकही डावीकडे, आतच, ढकलतं. दोन्ही गोष्टी एकाच दिशेने, आणि ती दिशा चुकीची.

आकडे पाहिले की हे किती जीवघेणं आहे ते कळतं. तारेतला ओढा वेगाच्या वर्गाने बदलतो. जोराच्या फेरीत पावणेसहा किलो असलेला ओढा ताशी ३४ किलोमीटरवर जेमतेम ५८० ग्रॅम उरतो. आता पंख १० अंश आत झुकला तर उचल, म्हणजे विमानाला हवेत धरणारा पंखाचा जोर, तिरकी होऊन त्यातले सुमारे २०० ग्रॅम खाते, १५ अंशाला ३०० ग्रॅम. उरलेल्याशी वाऱ्याने खेळायचं. मे महिन्याने यात भरच घातली. आपला भाग समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटर उंच, त्यात ४० अंशांचं ऊन. अशी हवा प्रमाणित हवेपेक्षा सुमारे १४ टक्के विरळ असते. उंची धरायला पायलटला थ्रॉटल जास्त ओढावा लागणार, आणि थ्रॉटल जास्त म्हणजे पीळही जास्त.

मग आम्ही प्रत्यक्ष मोजलं. दुरुस्त केलेलं विमान पाळण्यासारखं दोरीला टांगलं, संथ फेरीइतका जोर दिला आणि आत झुकलेला पंख सपाट होईपर्यंत उजव्या टोकाला पिशवीत नट टाकत गेलो. जालन्याच्याने पिशवी काट्यावर ठेवली : ४६ ग्रॅम. कागदावर ५४ आले होते. २५० वॅट, मिनिटाला ९००० फेरे, म्हणजे साधारण ०.२७ न्यूटन-मीटर पीळ, पंखाच्या टोकापर्यंत अर्धा मीटर. पंख्यामागची पिळलेली हवा पंखावर आदळून थोडा पीळ परत देते, म्हणून प्रत्यक्ष आकडा कमी येणं ठीकच होतं.

आणि आम्ही उजव्या टोकाला आधीपासून बसवलेलं शिसं होतं २० ग्रॅम. पुरेसं वाटलं होतं. पण तीन तारांचं मिळून वजन ३५ ग्रॅमच्या आसपास, त्यातलं निम्मं डावा पंख वाहतो. आमचं शिसं फक्त तारांची भरपाई करत होतं. मोटरच्या पिळासाठी त्यात काहीच शिल्लक नव्हतं. हे बांधणाऱ्याने धरायला हवं होतं, आणि बांधणीवर सही माझी होती.

त्या दुपारी मी वही काढली, तिन्ही शेऱ्यांवर आडवी रेघ मारली आणि वही परळीच्या मुलीपुढे ठेवली. तिने प्रत्येक रेघेखाली तारीख घातली आणि लिहिलं : ‘आतल्या बाजूचा पीळ. वजन अपुरं.’ मला काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हँडलचा पट्टा नव्याने शिवत बसलेली दिसली.

काय बदललं

उजव्या टोकाला आणखी शिसं भरणं हा एक मार्ग होता. पण ते शिसं जोराच्या फेरीतही तिथेच राहणार आणि तेव्हा बाहेरचा पंख लोंबणार. उदगीरच्याने विचारलं, “सर, मोटरच उलटी फिरवली तर?” ग्लो इंजिनाला दिशा बदलायची तर क्रँकशाफ्टच वेगळा लागतो. ब्रशलेस मोटरच्या तीनपैकी कोणत्याही दोन वायरी अदलाबदल केल्या की काम झालं. पंखा मात्र उलट्या पात्यांचा लागतो, पुशर म्हणून विकला जाणारा. तो मागवला. आता जोर दिला की विमान बाहेर लोळणार, नाक बाहेर वळणार आणि तार ताठ होणार. पायलटच्या मनात जे आपोआप येतं, तार सैल वाटली की जोर द्यावा, तेच आता बरोबर ठरणार होतं. या एका बदलाचा मला जेवढा आनंद झाला तेवढा पूर्ण विमान बांधतानाही झाला नव्हता.

त्याशिवाय तारा पंखातून बाहेर पडतात ती पट्टी १२ मिलिमीटर मागे नेली, म्हणजे ओढ्यानेच नाक किंचित बाहेर राहील.

दुसरी चूक मामांनी दाखवली. जूनच्या सुरुवातीला आम्ही रिकामा डेक मांडत होतो, ते बांधावर बसून बघत होते. म्हणाले, “सर, वारं तर बांधावरून येतंय. ज्या अंगाला वारं त्याला आत लोटतंय, तिथंच तुम्ही त्याला हळू करायलात. आम्ही उफणताना भूस कुठं उडतंय ते बघून उभं राहतो.” मी कागद काढला. आपल्याकडे उन्हाळा-पावसाळ्यात वारा बहुतेक पश्चिमेकडून असतो. विमान काट्यांच्या उलट फिरतं. उत्तरेच्या टोकाला वारा समोरून येतो, म्हणून जमिनीवरचा वेग आणि ओढा दोन्ही सगळ्यात कमी. तिथून पश्चिमेकडे वळताना वारा विमानाला आत ढकलतो. म्हणजे वायव्य हा सगळ्या वर्तुळातला सगळ्यात वाईट कोपरा, आणि डेक पश्चिमेला ठेवल्यामुळे उतरताना विमान नेमकं तिथेच मंदावत होतं. पूर्वेकडून उत्तरेकडे येताना मात्र वारा विमानाला बाहेर धरतो आणि हळूहळू समोरून येऊ लागतो. डेकची जागा ईशान्येला. तिथे उतार होता. मामांनी स्वतः कुदळ घेतली, दोन दिवसांत मुरूम ओढून पट्टा सपाट झाला. पैशाची गोष्ट काढली तर रागावले.

त्यानंतर

जुलै-ऑगस्टचा वारा अंगावर येणारा होता, त्यात फक्त जोराच्या फेऱ्या आणि हूकचा सराव केला. १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन आटोपून सगळे माळावर आले. पावसाने चार दिवस उघडीप दिली होती, हवा थंड होती, वारा मंद. हँडल परळीच्या मुलीकडे.

जोराच्या सात फेऱ्या २७.४ सेकंदांत, म्हणजे ताशी सुमारे १०६ किलोमीटर. मग नाक वर, मोटरची घरघर आणि संथ फेऱ्या. वायव्येला आलं की ती अगदी थोडा जोर द्यायची आणि तारा टणक व्हायच्या, लांबूनही ते दिसत होतं. चौथी गेली. सहावी गेली. मोजणारी मुलं गप्प झाली होती. सातवी ८४ सेकंदांवर पूर्ण झाली, ताशी साडेचौतीस. वेगांचं गुणोत्तर तीनच्या थोडं वर. अमेरिकेतले मुरलेले पायलट याहून कितीतरी संथ उडवतात हे मला माहीत आहे. पण आमच्या वहीत संथ फेऱ्यांच्या रकान्यात तोवर एकही पूर्ण आकडा नव्हता.

मग हूक. पहिल्या प्रयत्नात तो फळीवर आपटून उसळला आणि सगळ्या दोऱ्यांवरून गेला. तिने लगेच जोर दिला आणि विमान डेकवरून पुन्हा उचललं. दुसऱ्या वेळी तिसऱ्या दोरीने धरलं. वाळूच्या पिशव्या फळ्यांवरून घासत गेल्या आणि अलीझे तिन्ही चाकांवर उभं राहिलं. अशा सरळ पकडलेल्या लँडिंगला मूळ नियमांत १०० गुण आहेत. मामांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. ते डेकपर्यंत चालत गेले आणि हूकमधून दोरी स्वतः सोडवून दिली.

हूक उसळण्याचा दोष अजून आहे. दोन मिलिमीटरच्या तारेची स्प्रिंग कडक पडते असं जालन्याच्याचं म्हणणं आहे, तर परळीची म्हणते की हूकचा कोन जास्त उभा आहे. दोघांनी एकेक हूक वाकवून ठेवला आहे. येत्या रविवारी, वारा मंद असला तर, दोन्ही पाच-पाच वेळा उतरवून बघायचे ठरलं आहे. या वेळी शेऱ्याचा रकाना पायलटच भरणार आहे.